नवऱ्याशिवायची गुलाबाई

आमच्याकडे गुलाबाई महिनाभर माहेरी येते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला पोरी तिची मातीची मूर्ती घरात बसवतात, रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिला नदीत सोडतात. महिना झाला की बाई सासरी गेलीच पाहिजे. मीही नरडाण्याकडच्या माझ्या सासरहून अशीच महिन्यासाठी यावल तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते, एक पत्र्याची पेटी आणि चार साड्या घेऊन. कोजागिरी झाली की न्यायला येतो, असं नवरा म्हणाला होता. तीन कोजागिऱ्या गेल्या, तरी त्याचा पत्ता नव्हता.

मला घरात कोणी टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. आई बोलायची ती चुलीशी. भाऊ केळीच्या मळ्यातून आला की चप्पल काढता काढता विचारायचा, "काही निरोप?" आणि उत्तर न ऐकताच हातपाय धुवायला जायचा. वहिनी चांगली होती, खोटं कशाला बोलू, पण मी स्वयंपाकघरात शिरले की तिचं गाणं थांबायचं. भरल्या घरात मी इतकी एकटी होते की कधी कधी मळ्यातल्या बैलाशी बोलायचे. फक्त भावाची आठ वर्षांची पोर माझ्या गोधडीत शिरून झोपायची.

चौथ्या वर्षी या पोरीसाठी गुलाबाई आणायला म्हणून मी गावाच्या टोकाला राहणाऱ्या कुंभार आबांकडे गेले. आबांचा हात थरथरायला लागला होता. रंगाचा कुंचला माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "तूच रंगव वं बाई, माह्या हातानं तिचे डोये तिरपे व्हतात." मी बसले. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. गावात कुजबुज झाली, शेतकऱ्याघरची बाई कुंभाराच्या चिखलात बसते म्हणून. म्हणेनात का! तिथं मला कोणी निरोप विचारत नव्हतं.

आबांकडे गुलाबाईचा एकच साचा होता. गुलाबाई, तिला चिकटून तिचा नवरा गुलोजी आणि तिच्या मांडीवर लेकरू. माती दाबायची, काढायची, सुकवायची. पन्नास मूर्तींचे पन्नास चेहरे सारखे. एका दुपारी मी साचा बाजूला सरकवला आणि नुसत्या मातीला हात घातला. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. आठ दिवस लागले. हातभर उंचीची एक बाई झाली, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, मान दाराकडे वळलेली. मांडीवर कोणी नाही. शेजारीही कोणी नाही. नाक थोडं बसकं झालं होतं, माझ्यासारखंच.

तोवर मी जे जे केलं होतं ते कोणाच्या तरी सांगण्यावरून केलं होतं. भाकरी थापली ती दुसऱ्याच्या भुकेनं, कुंकू लावलं ते दुसऱ्याच्या नावानं, सासरी गेले ती दुसऱ्याच्या हुकमानं. ही एकच वस्तू अशी होती की मी नसते तर जगात झालीच नसती. मला इतका आनंद झाला की मी घाबरले. वाटलं, आता हे कोणीतरी काढून घेणार.

आबा तिच्याकडे पाहून म्हणाले, "ओली हाय तवरच बुडातून कोरून घे. पोकय कर."

"कायले आबा? गुलाबाई कुठी भाजता? ती तं पान्यात सोडता."

"तरी बी कोर."

भरीव माती आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, फुटते. कच्ची मूर्ती मात्र कशीही असली तरी चालते, ती पाण्यात विरघळायचीच असते. म्हातारा असं का म्हणाला ते मला तेव्हा कळलं नाही. मी आपली चमच्यानं आतली माती काढत बसले.

पोरगी ती मूर्ती पाहून हटून बसली, मला हीच पाहिजे. घरात कोनाड्यात बसवली आणि गल्लीतल्या बायका बघायला लोटल्या. "अगं माय! हिचा नवरा कुठी गेला?" वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बाजारातून रंगीत गुलोजी आणून शेजारी बसवला. तो माझ्या बाईच्या गुडघ्यालाही पुरत नव्हता. फेटा बांधून, मिशा पिळून एवढासा नवरा, आणि ही त्याच्याकडे न बघता दाराकडे बघतेय! मला हसू आवरेना. वहिनीही तोंडाला पदर लावून हसली, आणि महिनाभर तरी आमच्या घराला बरं वाटलं.

संध्याकाळी पोरी गाणी म्हणायच्या आणि मग खाऊ ओळखायचा. बंद डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. शेव, डाळ्या, खारे दाणे, केळीचे वेफर. माझी भाची फार चालू, डब्यात गूळ घालून वर रुमाल कोंबायची, म्हणजे आवाजच येऊ नये. मला मुद्दाम चुकायला आवडायचं.

कोजागिरीच्या चार दिवस आधी पोस्टकार्ड आलं. सासू अंथरुणाला खिळली होती, भाकरी करायला घरात कोणी नव्हतं, आणि नवरा पौर्णिमेला मला न्यायला येत होता. घर उजळलं. भाऊ माझ्यासाठी साडी घेऊन आला. आईनं किती वर्षांनी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं, आणि तिची बोटं केसांत फिरायला लागली तशी मी रडले. कशासाठी बोलावलंय ते मला दिसत होतं, आंधळी नव्हते मी. तरी मी जाणार होते. त्या तेलाच्या बोटांसाठी मी कुठंही गेले असते.

पण भाची मूर्तीपुढे बसून सहज म्हणाली, "आत्या, तू आन् गुलाबाई एकाच दिवशी जाशान नं?"

मी कोनाड्याकडे पाहिलं. मी गेले तर जाईन, पण हिला पाण्यात घालवणार नाही, एवढंच ठरवलं. कोजागिरीच्या आदल्या दुपारी घरात कोणी नसताना मूर्ती साडीत गुंडाळून आबांकडे नेली. आबांनी मडक्यांच्या मधोमध जागा ठेवलेलीच होती. कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या रचल्या आणि आवा पेटवला.

सकाळी राख उपसत होते तेव्हा भाऊ आणि नवरा तिथंच आले. मागे भाची, रडून डोळे सुजलेले. कोनाड्यात एकटा गुलोजी होता. संध्याकाळी पोरी जमणार, आणि सोडायला गुलाबाईच नाही. त्या पोरीची मी गुन्हेगार झाले, आणि त्याला माफी नाही हे मला माहीत आहे.

मी राखेतून मूर्ती काढली. पाठीला काळा डाग पडला होता, बाकी अख्खी. बोटानं वाजवली, खणखणीत वाजली.

"चाल," नवरा म्हणाला, "बठ्ठा वाट देखी राह्यनात." मग माझ्या हाताकडे बघून, "हाई काय शे?"

मी त्याच्याच बोलीत सांगितलं, "मी शे."

त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. भावाला समजलं, म्हणून तोच जास्त चिडला. म्हणाला, "आज गेली नाहीस तर या घरातही राहायचं नाही." मी बरं म्हटलं. इतकं हळू म्हटलं की त्याला दोनदा विचारावं लागलं.

जळगावला खोली घेतली, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम धरलं. उरलेल्या वेळात माझ्या बायका घडवल्या. उभ्या, बसलेल्या, आडव्या पडलेल्या, एकही साच्यातली नाही. लोक येतात, पाहतात, म्हणतात, ताई, तुम्ही किती मोकळ्या! हो बाबा, मोकळी आहे. तापानं फणफणले तरी पाण्याचा तांब्या भरायला मीच उठते. आई गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. मी परत फिरले नसते, आजही फिरणार नाही, पण एकटेपणाचं कौतुक माझ्यापुढे कोणी करू नये.

दर कोजागिरीला मी त्या काळ्या डागाच्या बाईपुढे डबा ठेवते. तो कानाशी धरून हलवते. आत काय आहे ते मला माहीत असतं, मीच भरलेला असतो. हा खेळ एकट्यानं खेळता येत नाही, हे कळायला मला बारा वर्षं लागली असं नाही, पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी ठेवते.

बाराव्या वर्षी गावाकडची एक बाई बाजाराला आली, ती माझं दार शोधत आली. भाचीचं चाळीसगावला लग्न झालं होतं, मला पत्रिका नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीला ती माहेरी आली होती. तिनं फडक्यात बांधलेला पितळी डबा पाठवला होता.

"निरोप काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी भावाचाच शब्द माझ्या तोंडात आला.

"म्हने, आत्याले सांगजो, उघडू नको. आधी ओयख."

बाई गेल्यावर मी दार लावलं, मूर्तीपुढे बसले आणि डबा कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. पुन्हा हलवला.

"गूळ," मी मोठ्यानं म्हटलं. "वरून रुमाल कोंबलाय, लबाड!" आणि मग मला उघडवेना. तिनं हो म्हणायला हवं होतं.