एकोणिसावा फेरा

प्रचाराचं पत्रक शिंप्याने लिहिलं होतं. शिंपी तिचा शेजारी, आणि आता न बोलावता आलेला प्रचारप्रमुखही. वर तिच्या वडिलांचा फोटो, खाली ठळक अक्षरं: 'एकतीस वर्षांत एकही रजा नाही. तोच वारसा लेकीकडे.' वाचून तिने पत्रक पालथं ठेवलं. त्या न घेतलेल्या रजांमागचं कारण तिला ठाऊक होतं.

वडील वस्तीला पाणी सोडायचे. चौकात जमिनीखाली मोठा व्हॉल्व्ह, कमरेइतकी उंच लोखंडी चावी आणि बेचाळीस फेरे. एकोणिसाव्या फेऱ्याला चावी अडते. तिथे जोर लावायचा नाही. अर्धा फेरा मागे यायचं, मग पुढे जायचं. नाहीतर आतला दांडा मोडतो. ती सात वर्षांची असताना वडील बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेले, चावी तेव्हाच्या एका शेजाऱ्याकडे देऊन. त्या अर्ध्या फेऱ्याचं काही त्याला बोलले नाहीत. दांडा मोडला, पाच दिवस वस्ती कोरडी. लोकांनी वडिलांच्या अंगाला हात लावला नाही, पण रिकामी भांडी आणून दारात मांडली. त्यानंतरची एकतीस वर्षं, मरेपर्यंत, वडील कुठे गेले नाहीत. कुणी विषय काढला तर खाली बघून म्हणायचे, "सांगायचं राहून गेलं."

त्यांचे गुडघे गेले तशी चावी तिच्या हातात आली. नाव वडिलांचं, राबायची ही. ते गेल्यावर पालिकेच्या कार्यालयाने तिलाच रोजंदारीवर ठेवलं. पहाटे पाचला खालच्या गल्ल्या, दुपारी दोनला वरच्या. सगळे तिला चावीताई म्हणू लागले. पाण्याच्या निमित्ताने दाखल्यांची, पेन्शनची, बंद दिव्यांची गाऱ्हाणीही दारात येऊ लागली. हिला नाही म्हणता यायचं नाही; तिची जनसेवा सुरू झाली ती अशी. अकरा वर्षांत ती एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. परगावी राहणाऱ्या मुलीचं घर तिने फक्त फोनवर पाहिलं होतं.

पालिकेची निवडणूक आली आणि वस्तीने तिला परस्पर उभं केलं. अर्ज शिंप्याने भरला, हिने मुकाट सही केली. पण उमेदवाराला कार्यालयाचं काम चालत नाही, म्हणून चावीसाठी नवा माणूस नेमला गेला. ही गोष्ट मुलीने बरोबर हेरली.

"आई, शुक्रवारी तीनच्या आत अर्ज मागे घे आणि पाचची गाडी पकड," ती म्हणाली. "चावी सुटलीय ना एकदाची? आता मागे वळून बघू नकोस."

तिने बॅग भरली. तीन साड्या, औषधं आणि नातवासाठी विणलेला स्वेटर.

शुक्रवारी सकाळी नवा माणूस आला. चाळिशीचा, मिशीवाला, सगळं वहीत उतरवून घेणारा. वेळा लिहिल्या, गल्ल्या लिहिल्या, बेचाळीस फेरे लिहिले.

"अजून काही?" त्याने विचारलं.

अर्ध्या फेऱ्याचं ओठांवर आलं होतं. पण हेही देऊन टाकलं तर आपल्याजवळ उरतं काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला भीती वाटली.

"नाही, एवढंच," ती म्हणाली.

अडीचला ती अर्ज मागे घ्यायच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती, पुढे दोनच माणसं. तेवढ्यात शिंप्याचा फोन आला.

"ताई, कुठे आहात? चावी मध्येच अडलीय. अर्धा तास झटतोय हा. आता पाईप घालून जोर लावतो म्हणतोय. सगळे भांडी घेऊन उभे आहेत."

अर्धा फेरा मागे घ्या. एवढं एकच वाक्य होतं. फोनवरून दोन सेकंदांत सांगून झालं असतं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "मी येते."

ती चौकात पोचली तेव्हा लोकांनी वाट करून दिली. तिने नव्या माणसाला बाजूला केलं, त्याच्याकडे पाठ केली आणि चावी धरली. पाणी आलं. कुणीतरी म्हणालं, ही आहे म्हणून आपलं चाललंय. शिंप्याने पत्रकांचा गठ्ठा उघडला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुलीचा फोन आला. "आई, झालं?"

"अगं, त्या माणसाला एक गोष्ट सांगायची..." ती म्हणाली, "सांगायचं राहून गेलं."

बोलता बोलता तिला वडिलांचा आवाज ऐकू आला, आणि त्यांचंही सांगायचं राहून गेलं नव्हतं, हे तिला कळलं.