विनिफ्रेडबाईंचं पान

गेल्या सर्वपित्री अमावस्येला आम्ही सिडनीत, क्वेकर्स हिलमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात एका इंग्रज बाईचं पान वाढलं. बाई आमच्या नात्यातली नव्हती. ओळखीतलीही नव्हती. खरं सांगायचं तर ती कधी जन्मलीच नव्हती, टीव्हीवरच्या मालिकेतली होती.

दोष मालिकेचा नाही, माझा. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. मी आणि माझी बायको मुग्धा ऑफिसात, मुलगी सानिका शाळेत, आई दिवसभर एकटी. तिचं मन रमावं म्हणून मी एक मालिका लावून दिली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंडमधलं खेडं, धुकं, मेंढ्या, दगडी घर आणि विहिरीतून वर येणारी विनिफ्रेड नावाची एक ओलीचिंब बाई. मला वाटलं, आई झगे बघेल, हिरवळ बघेल. (सबटायटल्स चालू होती आणि आई ती झरझर वाचते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.)

तीन भागांत आईने निकाल दिला. "ही भुताची गोष्टच नाही. ही भाऊबंदकी आहे. दिराने जमिनीसाठी ढकललंय तिला. आणि नंतर घरातल्या एकानेही तिचं दिवसपाणी केलं नाही. मग फिरणार नाही तर काय करेल बिचारी?"

"आई, ते लोक ख्रिश्चन आहेत."

"म्हणून उपाशी ठेवायचं?"

याला उत्तर इंजिनिअरिंगमध्ये शिकवत नाहीत. मग मला विनोद सुचला, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी संकटं अशीच सुरू झालेली आहेत. "मग सर्वपित्रीला वाढ की तिलाही एक पान! ज्यांचं कुणी नाही, तिथी माहीत नाही, अशांचाच दिवस ना तो?"

आई हसली नाही. "हे मात्र बरोबर बोललास," ती म्हणाली. आईने मला बरोबर म्हणण्याचे प्रसंग इतके कमी, की हा खोडून काढायचा धीर मला झाला नाही.

तर त्या दुपारी अंगणातल्या टेबलावर दोन पानं मांडली गेली. एक बाबांचं आणि पितरांचं, एक विनिफ्रेडचं. दोन्हींवर खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. विनिफ्रेडच्या पानावर जास्तीचा एक स्कोन, म्हणजे इंग्रजांचा चहाबरोबरचा छोटा गोडसर पाव, लोणी आणि जॅम लावून, कारण मालिकेत ती दुसरं काही खाताना दिसली नव्हती. चटणी मुग्धाने केली होती.

"आमच्याकडे इतकी आंबट नसते," आई म्हणाली. "पण असू दे. ऑफिस सांभाळून आणखी किती करणार म्हणा."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या शोधायला लागलो. तांब्या माझ्या हातातच होता.

आता नियम असा, की पानाला कावळा शिवल्याशिवाय आई जेवणार नाही. आणि आईला डायबेटीस. सकाळची गोळी घेऊन, पोट रिकामं ठेवून ती खुर्चीत बसलेली.

बाबांच्या पानावर कावळा लगेच उतरला. जेवणाला उशीर झालेला बाबांना कधीच खपला नाही. मला खरंच भरून आलं. पण विनिफ्रेडच्या पानाभोवती त्याने एक चक्कर मारली, स्कोनकडे तिरकी मान करून पाहिलं आणि उडून झाडावर जाऊन बसला. एरवी हेच कावळे आमचे कचऱ्याचे डबे उलटेपालटे करतात!

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "तिची इच्छा अडकलीये. काहीतरी कबूल कर तिला."

"मी?"

"घरातला कर्ता पुरुष तूच ना? आणि इंग्रजीत बोल. तिला मराठी कुठलं कळायला."

(कर्ता पुरुष हे पद मला या घरात प्रथमच मिळालं होतं.) मी धोतर नेसून, उघड्या अंगाने पानासमोर उभा राहिलो, हात जोडले. "डिअर विनिफ्रेड, आय प्रॉमिस, हर्बर्ट विल नॉट गेट द फार्म." हर्बर्ट म्हणजे तो दीर.

कावळा हलला नाही. "वुई विल लुक आफ्टर युअर शीप," मी पुढे म्हणालो, आणि मागून कुणीतरी माझ्या टाळूवर सप्पकन टोच मारली. मॅगपाय! हा काळापांढरा पक्षी इथल्या वसंतात घरट्याच्या आसपास फिरकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर चालून येतो.

"डॅड, इट्स स्वूपिंग सीझन," सानिका म्हणाली आणि तिने तिचं सायकलचं हेल्मेट आणून माझ्या डोक्यावर चढवलं. पक्षी दूर राहावेत म्हणून त्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचे काटे लावलेले होते. खाली धोतर, वर साळिंदर, अशा थाटात मी विनिफ्रेडला विहीर बुजवण्याचं वचन देत असताना कुंपणावरून शेजारच्या ग्लेनचं डोकं वर आलं.

"यू राइट, मेट?"

"ऑल गुड, ग्लेन. जस्ट लंच."

"नो वरीज." त्याने पानं पाहिली, स्कोन पाहिला, मला पाहिलं. मग आपल्या कुत्र्याला घरात घेतलं आणि दार लावून टाकलं.

इकडे आईचा चेहरा उतरायला लागला होता. हात कापत होते. मुग्धाने ज्यूस आणला, आईने तो बाजूला सारला. आता मला हसू येईना. मी चक्क घाबरलो होतो.

मुग्धा आईच्या खुर्चीशी खाली बसली, तिचा हात हातात घेतला. "आई, सगळे भाग तुम्ही बघितलेत. विनीला खरं काय हवं होतं? शेतच ना?"

आईने विचार केला. "शेत नाही गं. सासू तिला जेवताना टाकून बोलायची, आणि नवरा मान खाली घालून सूप पीत बसायचा. एकदा तरी त्याने म्हणायला हवं होतं, की आई, पुरे."

आई माझ्याकडे पाहायला लागली, कारण ते वाक्य आता मला म्हणायचं होतं. मुग्धाही माझ्याकडे पाहायला लागली. तिचं कारण वेगळं होतं.

मी पुन्हा हात जोडले. "विनिफ्रेड, आय अ‍ॅम सॉरी. आय शुड हॅव सेड समथिंग. आय जस्ट ड्रँक माय सूप."

झाडावरचा कावळा थेट पानावर उतरला, अख्खा स्कोन उचलला आणि गेला.

"सुटली बिचारी," आई म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

मुग्धा उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "छान बोललास. आता हेच मराठीत म्हण. माझ्याकडे बघून. आईंच्या देखत."

आईही कान देऊन ऐकत होती. मी खाकरलो, घसा साफ केला, हात जोडलेलेच होते, आणि म्हणालो, "आधी आईला वाढू या."