पूजेला न ठेवलेला फोन

कुणाच्याही घरी इंटरनेट जोडायला गेले की आमचे सार आधी मोडेमला हात लावत नसत. ते आधी फोनचा रिसीव्हर उचलत, कानाला लावत आणि डोळे मिटून डायल टोन ऐकत. समाधान झालं की तोच रिसीव्हर यजमानांच्या कानाला लावून म्हणत, "ऐका. ही लाइन मोकळी आहे. काम झालें कीं पुन्हा अशीच मोकळी करायची." मग कुठे त्यांच्या कापडी पिशवीतून मोडेम बाहेर येई.

तुम्ही म्हणाल, डायल टोनमध्ये एवढं ऐकण्यासारखं काय असतं? मलाही तोच प्रश्न पडला होता. मी जात्याच भोचक. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. बदली होऊन चेन्नईला आलो आणि तमिळ येत नसल्यामुळे या भोचकपणाची फार उपासमार झाली. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत कोण कुणाशी भांडतंय तेसुद्धा मला कळत नसे.

गल्लीच्या तोंडाशी टायपिंग शिकवणारी एक संस्था होती. तिच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी कॉम्प्युटर क्लब भरायचा, संध्याकाळचा राहुकाळ संपला की लगेच. एकदा खालून जाताना जिन्यातून आवाज आला, "कापी चौघांस पुरे गे, पांचवे अजून आले नाहींत." मी जागीच थांबलो. मराठी होतं, पण कॉफीला कापी म्हणणारं, कुणा पणजोबाच्या तोंडचं. मी तडक वर गेलो आणि म्हणालो, "पाचवा आलाय."

सारांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पुण्याकडले काय? फार भरभर बोलतां."

मी सांगलीचा आहे म्हणून सांगितलं. "तेंच कीं," ते म्हणाले. सारांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. आजोबा कारकुनीसाठी मद्रासला आले ते इथेच राहिले. त्यांच्या दृष्टीने तिकडचं सगळं पुण्याकडेच होतं. पुढे माझं मराठी त्यांनी सोसलं, आणि त्यांचं मी मिटक्या मारत ऐकलं.

सार म्हणजे सर. चेन्नईत रिक्षावाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळेच एकमेकांना सार म्हणतात, पण आमच्या गल्लीत नुसतं सार म्हटलं की हेच. निम्मी गल्ली त्यांच्याकडे टायपिंग शिकून नोकरीला लागली होती. तीच मंडळी आता निवृत्त होऊन परदेशातल्या मुलांना मेल करायला शिकण्यासाठी पुन्हा त्यांच्यापुढे बसली होती. कुणी बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेला असो, मनगट टेबलाला टेकलं की सारांची बोलणी खायचाच. "बोटें बघा, बोटें. इंटरनेट आलें म्हणून बोटें वांकडीं झालीं काय?"

नव्या सभासदाला ते दसऱ्याच्या दिवशीच मुळाक्षर देत. इकडे लहान मुलांकडून त्या दिवशी तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतात. सारांनी तोच रिवाज उचलला होता. पितळेच्या ताटात तांदूळ पसरायचे, साठीच्या माणसाला समोर बसवायचं, त्याचं बोट धरायचं आणि तांदळात मेलच्या पत्त्यातला तो शेपटीवाला ‘अ‍ॅट’ काढून घ्यायचा. लोक लाजत, हसत आणि मग जीभ बाहेर काढून मन लावून गिरवत. "ही खूण टायपरायटरवर पहिल्यापासून आहे," सार सांगत. "नगाचा दर लिहायला लागत असे. मग कोणी विचारेना. आतां म्हातारपणीं हिला नवी नोकरी लागली, तुमच्यासारखी."

ज्यांनी डायल-अप पाहिलंच नाही त्यांना ते दिवस कसे समजावायचे? तासांच्या हिशेबाने इंटरनेट विकत मिळायचं. मोडेम नंबर फिरवायचा, मग किंचाळायचा, घरघरायचा, आणि घरातली सगळी माणसं श्वास रोखून उभी असायची. पडद्याच्या कोपऱ्यात दोन चिमुकले कॉम्प्युटर चमकले की जिंकलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की सगळं मुसळ केरात. एका घरी सभासदाच्या सासूबाईंनी असाच तो उचलला आणि मोडेमच्या किंकाळीला बराच वेळ बजावत राहिल्या की जरा सावकाश बोला, कळत नाही.

आणि इंटरनेट चालू असेतो घरचा फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर व्यग्र असल्याचा टूं-टूं ऐकू यायचा. म्हणून सारांचा एकच धोशा असे, "काम झालें ना? लाइन मोकळी करा." लोकांना वाटे, बिलाच्या काळजीने सांगतात. क्लबात रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्टेशनमास्तर होते. त्यांना हे वाक्य फार प्रिय. सारांनी म्हणायच्या आत तेच हात वर करून "लाइन क्लिअर" पुकारत. मोडेम पुसणं, वायरी गुंडाळणं, सारांची पिशवी उचलणं ही कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

माझं कुतूहल निराळ्याच गोष्टीपाशी अडलं होतं. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला इंटरनेट जोडून दिलं, त्याच्या स्वतःच्या घरी ते नव्हतं. संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांत सार आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मामी, राहत. तिथे स्टुलावर विणलेल्या रुमालाखाली फोन होता, पण त्याला मोडेम कधी लागला नाही. त्यांना फोन केला तर म्हणत, "थोडक्यांत सांगा," आणि आपण थोडक्यात सांगेपर्यंत ठेवूनही देत. मी एकदा सरळ विचारलं, "सार, तुमच्या घरी का नाही?"

"मज कोण लिहिणार?" म्हणून त्यांनी माझ्या हातात कॉफीचा पेला दिला. चेन्नईची कॉफी हातात असताना माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. पेला फार भाजतो.

मग ती नवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा करतात आणि त्याच स्कूटरवरून पेढे आणायला जातात. इकडे तसं नाही. पूजेत मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी विश्रांती, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. सारांच्या घरी नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे सगळं मांडलं होतं. एक जुना टायपरायटर, कात्री, विळी, मिक्सर, शिवणयंत्राचा डबा आणि क्लबाचे झाडून सगळे मोडेम. प्रत्येकावर चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू.

फक्त फोन तेवढा स्टुलावर होता. स्टेशनमास्तरांना ती नजरचूक वाटली. मोडेम पूजेत आणि फोन बाहेर, हे त्यांच्या मनाला पटेना. सार देवळात गेले होते, मामी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटत होत्या. मास्तरांनी भक्तिभावाने वायर काढली, फोन पुसला, त्याला चंदन-कुंकू लावलं आणि मोडेमांच्या मागे झेंडूत नीट बसवला. रुमाल घडी करून स्टुलावर ठेवला. गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि सार उशिरा परतून अंधारात तसेच झोपले. रात्रभर त्या घरात फोन वाजला नाही, पण तो तसाही क्वचितच वाजायचा.

दसऱ्याच्या सकाळी नवे सभासद धूतवस्त्र नेसून बसले होते. सार तांदळाचं ताट घेऊन आले आणि त्यांची नजर स्टुलाकडे गेली.

"फोन कोठें आहे?"

"पूजेत, सार," स्टेशनमास्तर हौसेने म्हणाले. "कालपासून विश्रांती दिली."

सारांनी ताट खाली ठेवलं. ते पायऱ्यांपाशी गेले आणि अजून पूजा व्हायची होती तरी झेंडूत हात घालून त्यांनी फोन बाहेर काढला. सोवळ्याओवळ्याचं एवढं करणारा माणूस, बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यांनी वायर जोडली, रिसीव्हर उचलला, डोळे मिटले. टोन आला असावा. रिसीव्हर जागेवर ठेवून ते फोन मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसले. धोतरावर कुंकू सांडलं होतं.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून एवढंच म्हणाल्या, "दसऱ्याला करील असें ह्यांस वाटायचें."

दुपारी सगळे गेल्यावर मी मागे रेंगाळलो. भोचकपणा म्हणा, पण नुसता तेवढाच नव्हता. मला त्यांना तसं सोडून जाववेना. सार स्वतःच बोलायला लागले. एकुलती एक मुलगी. बरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न करीन म्हणाली. सारांना तो पसंत नव्हता. ती निघाली तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, ह्या घरांत पुन्हा फोनदेखील करूं नको.

"आणि तिनें केला नाहीं," सार म्हणाले. "लहानपणापासून सांगितलें तें ऐकायची."

ते लोक आधी दिल्लीला गेले, मग तिथूनही हलले, पत्ता राहिला नाही. मी म्हणालो, "मग आपण शोधू ना. इंटरनेट कशाला आहे? क्लबातले सगळे जण बसू."

"अस्के जण बसाल, ठाऊक आहे," सार म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. "शोधून काय सांगूं? नको करूं म्हणणारा मी. करायचें कीं नाहीं तें आतां तिच्याकडे. माझ्याकडे एवढेंच राहिलें, लाइन मोकळी ठेवणें." मग त्यांनीच मला विचारलं, "काल केला असेल तर?"

त्या फोनवर कुणाचा येऊन गेला ते दिसायची सोय नव्हती. मला फार वाईट वाटलं.

आम्ही चोरून शोधलंच. त्या नावाची एक दातांची डॉक्टर सापडली, एक शाळेत बक्षीस मिळालेली मुलगी सापडली, सारांची लेक काही सापडली नाही. स्टेशनमास्तरांनी क्लबात यायचं बंद केलं. तेव्हा सार एका संध्याकाळी पिशवी न घेता त्यांच्या घरी गेले, त्यांचा रिसीव्हर उचलून डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "लाइन बरी आहे. रविवारी या." मास्तर आले.

पुढे ब्रॉडबँड आलं. इंटरनेट चालू असतानाही फोन वाजतो ही बातमी मी सगळ्यांत आधी सारांना दिली. त्यांचा विश्वास बसेना. माझ्या घरी येऊन त्यांनी मला इंटरनेटवर बसवलं, स्टेशनमास्तरांना कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावायला पाठवलं, आणि माझा फोन वाजला तेव्हा तो उचलू न देता नुसता ऐकत उभे राहिले. त्या दसऱ्याला सार स्वतः तांदळापुढे बसले. बोट धरायचा मान मला मिळाला, ताट मास्तरांनी धरलं. सारांची पहिली मेल आम्हा सगळ्यांना आली. इंग्रजीत दोनच शब्द होते, लाइन फ्री, आणि पुढे शिस्तीत पूर्णविराम.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सार गेले. झोपेतच. मामींना त्यांचे भाऊ पेरुंगुडीला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेले. नंबर बंद करायची वेळ आली तेव्हा स्टेशनमास्तर म्हणाले, "क्लबाचा नंबर परत करा. सारांचा आपण ठेवू." मामींनी सही दिली. तो फोन रुमालासकट वरच्या मजल्यावर आला. त्याच्या फटींत गेलेलं कुंकू अजून निघालेलं नाही.

तेव्हापासून नवमीला क्लबातलं सगळं पूजेत असतं, अगदी पंख्याचं बटणसुद्धा चंदन लावून घेतं, पण फोन बाहेर. त्याच्याशेजारी स्टेशनमास्तर खुर्ची टाकून बसतात. कर्ज हवं का विचारणाऱ्या मुली फोन करतात. मास्तर त्यांना म्हणतात, "थोडक्यात सांगा, लाइन मोकळी पाहिजे."

फोन आला तो दसऱ्याला नाहीच. एका साध्या मंगळवारी दुपारी आला. मी रजेवर होतो म्हणून क्लबात टेकलो होतो. मास्तरांनी उचलला, नेहमीचं वाक्य म्हणाले. मग रिसीव्हर माझ्याकडे धरून हलकेच म्हणाले, "तुमची भाषा आहे."

"अप्पांस द्या," बाईचा आवाज होता. "मी बोलतेंय म्हणून सांगा. ते नको म्हणाले तर ठेवतें."

मी तिला सार गेल्याचं सांगितलं. मग मी मामींचा पेरुंगुडीचा नंबर दिला, तिने तो लिहून घेतला, पुन्हा म्हणून दाखवला. तरी तिने फोन ठेवला नाही.

"मग हा नंबर अजून कसा आहे?" तिने विचारलं.

मी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. ते रिसीव्हर उचलून डोळे कसे मिटत, तांदळात अ‍ॅट कसा काढून घेत, झेंडूतून फोन कसा बाहेर काढला. तीच मध्ये मध्ये विचारत होती, "मग?" स्टेशनमास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्यांना खुणेनेच खाली थांबवत होते. लाइन दुपारभर अडकली होती, आणि ती मोकळी करा असं कुणीही म्हणालं नाही.