माझ्या माहेरचं मशीन आणि थोरल्याबाई

थोरल्याबाईंचा एक कान घरात कुठंही असो, दुसरा कायम ड्रायरपाशी असायचा. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या, मी मागे मोरीजवळ कपडे पिळायला टाकलेले असायचे, आणि दोन भिंतींपलीकडून आवाज यायचा, "धाकटे, चादर एका अंगाला बसली बघ! बंद कर, न्हाई तं मशीन चालत येईल सैपाकघरात!" मी झाकण उघडून पाहावं तर चादर खरंच एका बाजूला गोळा होऊन बसलेली. एकदा तरी यांचं चुकू दे, असं मी देवाला कितीदा तरी सांगून पाहिलं. त्यानं काही माझं ऐकलं नाही.

थोरल्याबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. वसमतला आमचं एकत्र कुटुंब होतं. सासूबाई, मोठे भाऊजी आणि थोरल्याबाई, त्यांचा मुलगा, मी आणि माझे यजमान. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल, दुधदुभतं, देवघर आणि सासूबाईंचं मन, या सगळ्यावर थोरल्याबाईंचा हात बसून गेलेला होता. नव्या सुनेनं पाय ठेवावा अशी एक फरशी त्या घरात रिकामी नव्हती. मग पहिला धोंड्याचा महिना आला आणि माझ्या वडिलांनी जावयाचं वाण म्हणून पुसेगावहून टेम्पोत घालून वॉशिंग मशीन आणलं. दोन टबांचं होतं. एकात धुवायचं आणि दुसऱ्यात टाकून गरगरा फिरवून पिळायचं. या दुसऱ्या टबालाच आमच्याकडे ड्रायर म्हणतात. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. मी सगळ्यांना चहा केला. या घरात आता एक तरी वस्तू अशी आहे की तिच्यासाठी मला विचारावं लागेल, या कल्पनेनं मला रात्रभर झोप आली नाही.

ते सुख पहिल्याच चादरीला संपलं. मी ओल्या चादरी ड्रायरमध्ये कोंबल्या, बटण फिरवलं, आणि मशीन धाडधाड करत जागचं हलायला लागलं. मी त्याला मिठी मारून उभी राहिले. थोरल्याबाई पिठाचे हात पदराला पुशीत आल्या आणि त्यांनी भिंतीतली पिन उपसली. "आधी पिन काढायची, मंग हात घालायचा," हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढं ते इतक्या वेळा ऐकलं की माझ्या कानाला घट्टे पडले. मग त्यांनी चादरी बाहेर काढल्या, एकेक सुटी करून टबात गोलाकार लावली, वर प्लॅस्टिकची चकती दाबून बसवली. "कापडं फेकायची नसतेत धाकटे, बसवायची असतेत. पंगतीला माणसं बसवतो तशी, चारी बाजूनं बराबर." त्यानंतर ड्रायर असा फिरला की आत कपडे आहेत की नाहीत असं वाटावं. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या हाताला गुणच हाय." मशीन माझ्या बापाचं, आणि गुण थोरलीच्या हाताला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हा गुण कुठून आला, तेही त्या विचारल्याशिवाय सांगत. त्यांचं माहेर नरसीचं. वडील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. लहानपणी या त्यांच्यामागे शेताशेतानं हिंडल्या आणि मोटारींचे आवाज ऐकून ऐकून मोठ्या झाल्या. "मोटार ती मोटारच. पाणी वर चढवती, न्हाई तं कापडं पिळती. तिला काय तकलीफ हाय ते ती सोता बोलून दाखवती," असं म्हणून त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मोटारीनं बोलायला तोंड उघडलं तर ते फक्त त्यांच्यापाशीच उघडेल. विनय नावाची गोष्ट थोरल्याबाईंच्या वाटेला कधी गेली नाही. पाण्याचा पाइप विटेवर चढून बसला म्हणून ड्रायरमध्ये पाणी साचलं, एवढीशी गोष्ट असायची. त्यांनी वीट काढली की संध्याकाळी गल्लीत त्याची कथा व्हायची, आणि कथेत वीट दरवेळी मोठी होत जायची.

त्यांचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे त्या माझ्या मशीनला 'माझं मशीन' म्हणायच्या. आपल्या एका जुन्या जांभळ्या साडीची खोळ शिवून त्यांनी त्याला घातली. माझ्याकडे साड्या नव्हत्या का? पण विचारतंय कोण! शेजारची बाई चादरी घेऊन आली तर ओसरीवर बसल्या बसल्या थोरल्याबाई परवानगी द्यायच्या, "टाक टाक, माझं मशीन रिकामंच हाय." ते 'माझं' माझ्या पोटात कुठं तरी जाऊन रुतायचं. मी यजमानांजवळ धुसफुसायचे. ते म्हणायचे, "अगं, दुरुस्त तर त्याच करतात ना?" हेच तर माझं दुखणं होतं.

एकदा थोरल्याबाई माहेरी गेल्या असताना ड्रायर फिरेना. बटण फिरवलं तरी आवाज नाही, हूं नाही की चूं नाही. त्यांना फोन करायचा माझा जीव होईना. मी बाजारातून मेकॅनिक बोलावला. त्यानं मशीनकडे पाहिलं, ड्रायरचं झाकण हातानं नीट दाबलं, आणि ड्रायर सुरू झाला. झाकणात मोज्याचं टोक अडकलं होतं. झाकण पुरतं बसल्याशिवाय आतलं बटण दाबलं जात नाही आणि ड्रायर फिरत नाही. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. बातमी नरसीला कशी पोचली ते मला आजवर कळलेलं नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीसमोर थोरल्याबाई म्हणाल्या, "आमच्या धाकटीनं झाकण लावायला मेकॅनिक आणला होता बाई!" बायका हसल्या. मीही हसले. वाणाच्या वाट्या वाटताना माझे कान मात्र गरम झाले होते.

त्यानंतर मी चोरून शिकायला लागले. त्या मशीनपाशी असल्या की मी तिथंच काही तरी काम काढायची. झाकण उघडलं तरी ड्रायर थांबत नसेल तर मागची ब्रेकची तार सैल झालेली असते, हे मी भांडी घासता घासता पाहिलं. आतून नुसती गुरगुर येते आणि टब फिरत नाही, तेव्हा मात्र त्या स्वतःही हात लावायच्या नाहीत. "गुरगुर करून राहिला नुसता. ह्याच्या आत एक डबी असती, पिन काढली तरी करंट धरून बसती. हे मेकॅनिकचंच काम." एके दिवशी टब आणि आतल्या फिरत्या भांड्याच्या फटीत अडकलेला लंगोट मी एकटीनं वाकड्या तारेनं ओढून काढला. कोणाला सांगितलं नाही, पण कोणी तरी विचारावं म्हणून दिवसभर मशीनभोवती घुटमळत राहिले. संध्याकाळी थोरल्याबाईंनी बटण फिरवलं, कान दिला आणि विचारलं, "कोणी काढलं गं आतलं?" मी म्हटलं, "मी." त्या उठल्या, सासूबाईंकडे गेल्या आणि अभिमानानं म्हणाल्या, "आत्याबाई, मी शिकवलं हिला."

पण त्यांची खरी कीर्ती हळकुंडानं झाली. आमची शेती हळदीची. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश झाली की घरातले पुरुष नमुन्याची दोन-चार हळकुंडं सदऱ्याच्या खिशात घालून बाजारात जातात आणि ती खिशातच विसरून घरी येतात. त्या दिवशी यजमानांचा सदरा तसाच मशीनमध्ये गेला. ड्रायरमध्ये फिरताना खिशातलं हळकुंड उडून फटीत पडलं. आतून खडखडखडखड आवाज, आणि पाइपातून मोरीत लालभडक पाणी! हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे आम्हा बायकांना काय ठाऊक नाही? पण त्या क्षणी कोणाला सुचतंय. सासूबाईंनी हंबरडा फोडला, "अगं, मशीननं कोणाचा हात खाल्ला!" मी स्वतःची बोटं मोजायला लागले. थोरल्याबाई ओसरीवरून उठल्यासुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "हळकुंड हाय. चांगलं वाळलेलं दिसतंय, आवाज टणक येऊन राहिला." मग येऊन त्यांनी पिन उपसली, तारेनं हळकुंड ओढून काढलं, हुंगलं आणि यजमानांच्या हातावर ठेवलं, "घ्या भाऊजी, तुमचा नमुना धुऊन, पिळून तयार हाय." सगळं घर लोटपोट झालं. यजमान महिनाभर ती गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. आपल्या नवऱ्यानं आपल्याबद्दल अशी एक तरी गोष्ट गावभर सांगत हिंडावं, असं मला फार वाटलं.

मग त्यांच्या मुलाला नांदेडला नोकरी लागली, लग्न झालं, बाळ झालं. बाळाला सांभाळायला भाऊजी आणि थोरल्याबाई नांदेडला निघाले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आतून एक उकळीही फुटली होती. आता मशीन माझं! निघताना त्या टेम्पोजवळून परत आत आल्या. देवाला नमस्कार करायला गेल्या असतील असं मला वाटलं. त्या मोरीकडे गेल्या होत्या. ड्रायरच्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "धाकटे, पिन काढायची आधी." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, याचा मला रागच आला.

टेम्पो गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर ती जांभळी खोळ काढून माझ्या हिरव्या साडीची घातली. चार दिवस फार मजेत गेले. कोणी ओसरीवरून ओरडत नव्हतं. चादर एका अंगाला बसली तर माझी मी बसवत होते. पण ड्रायर थांबला की माझे हात थांबायचे आणि मी ओसरीकडे कान लावून उभी राहायचे. तिकडून काहीच यायचं नाही. सासूबाईही कमी बोलायला लागल्या. एक दिवस मी जांभळी खोळ परत घातली. सासूबाईंनी पाहिलं आणि जाता जाता तिचं टोक सारखं केलं.

थोरल्याबाईंचा फोन यायचा, पण तो नीट व्हायचा नाही. त्यांच्या इमारतीतल्या पोरींना त्यांचा शोध लागला होता. आमचं बोलणं सुरू झालं की मागून हाक यायची, "मावशी, आमचा ड्रायर पाणीच टाकंना!" "मावशी, जरा येता का?" आणि या, "ठेवते गं धाकटे, पोरी थांबल्यात," म्हणून फोन ठेवायच्या. कोण कुठल्या त्या पोरी! माझ्या जावेला त्या मावशी म्हणणार, ती त्यांना पिन काढायला शिकवणार, त्यांना हसणार, आणि मी इथं मुक्या मशीनपाशी बसणार. इतकी वर्षं मी थोरल्याबाईंवर जळले, पण ते जळणं काहीच नव्हतं असं मला त्या पोरींवर जळताना कळलं. "या ना चार दिवस," असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "लेकराला सोडून कशी येऊ? काही काम असलं तं बोल."

काम! मी सैपाकघरात गेले, डब्यातलं एक चांगलं वाळलेलं हळकुंड घेतलं आणि ड्रायरच्या फटीत टाकलं. मग फोन लावला. "थोरल्याबाई, ड्रायर आवाज करून राहिला. मला काही समजंना."

"फोन धर त्याच्यापाशी."

मी बटण फिरवलं. खडखडखडखड. मी ड्रायर बंद केला.

"हळकुंड हाय," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "धाकटे, यंदा आपण हळद केलीच न्हाई. सगळं सोयाबीन पेरलं ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"मंग खिशात हळकुंड कुठून आलं गं?"

एवढ्यात मागून त्या पोरींपैकी एकीचा आवाज आला, "मावशी, चला ना, आमचा ड्रायर बघायचाय ना!"

"आज न्हाई जमायचं बाई," थोरल्याबाई तिला म्हणाल्या. "आणि उद्या-परवाही न्हाई. मला वसमतला जायचंय. माझं मशीन बिघडलंय."

मग मला म्हणाल्या, "पिन काढून ठेव. आणि ते हळकुंड तसंच ऱ्हाऊ दे, मी आल्यावर काढते. काढायला येतं तुला, मला ठाऊक हाय. पण काढू नको."

मी पिन काढली. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, थोरल्याबाई येऊन राहिल्या. त्यांचं मशीन बिघडलंय."