बसळे

गरोदर बाईला खा-खा सुटते म्हणतात. मला सुटली ती ओकारी. फोडणीचा वास आला की मी मोरीकडं पळायची. त्यात आधीची दोन अर्ध्यातच गेलेली, त्यामुळं या खेपेला कौतुक असं घरात कुणी केलंच नाही, मीही नाही. रक्त कमी आहे, पालेभाज्या खा, एवढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मी निमूट कामाला लागले. दुसरं होतं काय हातात?

आमचं घर कन्नड मुलखात, केलगेरीत. नवरा डबा घेऊन बेलूरच्या कारखान्यात गेला की स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई. मुगाची डाळ हळद घालून मऊ शिजवायची, त्यात मायाळूची पानं चिरून टाकायची, मीठ, वरून लिंबू. फोडणी नाहीच. सोबत ज्वारीची भाकरी. कधी दुधी, कधी राजगिरा. बेचव? अहो, आजाऱ्याचं जेवण ते! पण मायाळूची भाजी तेवढी पोटात टिकायची.

सासूबाईंची अट एकच. तिसरा महिना सरून चोरओटी होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. आमच्यात पहिली ओटी घरच्या घरी, गुपचूप भरतात, म्हणून चोर. "मागं दोन्ही वेळा गावभर केलंत, काय झालं?" असं त्या म्हणायच्या आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढायच्या.

मायाळूला इथं कन्नडमध्ये बसळे म्हणतात. मी सांगलीकडची, माझं कन्नड म्हणजे आनंदीआनंद. त्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स मला सारखी 'बसुरी, बसुरी' म्हणत होती. बसुरी म्हणजे गरोदर. तळ्याच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या अक्कांपुढं मी उभी राहिले आणि ऐटीत म्हणाले, "अक्का, बसुरी कोडी." अक्का, गरोदर द्या!

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग थांबल्या आणि माझ्याकडं नीट बघितलं. "यार बसुरी? नीना?" कोण, तूच का? मी लाजले. नको तिथं लाजले! शेजारच्या काकू तिथंच कोथिंबीर निवडत होत्या. मग काय, संपलंच.

संध्याकाळी काकू अभिनंदन करायला हजर. त्या गेल्यावर सासूबाईंनी मीठमोहरी उतरवून टाकली आणि माझ्याशी अबोला धरला. अक्कांनी मात्र त्या दिवसापासून बसळेची कोवळी जुडी ओल्या पोत्याखाली माझ्यासाठी झाकून ठेवायला सुरुवात केली. देताना म्हणायच्या, "कूसिगे." बाळाला. मला आशा नव्हती, खरंच नव्हती. पण कुणीतरी बाळाचं नाव काढलं की दोन घास जास्त जायचे.

चोरओटीचा खण आणून ठेवला होता. त्याआधीच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. असं होतं, कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंकडं कारण तयार होतं. "तोंडानं घालवलंस गं," त्या म्हणाल्या.

असा संताप आला म्हणून सांगू! एका शब्दानं मूल जातं होय? मग गावभर सांगूनही ज्यांची पोरं जगतात, त्यांचं काय? पण एवढं म्हणून त्या तिथंच ओट्याला टेकून रडायला लागल्या. आणि खरं सांगते, मलाही तेव्हा वाटलं, शब्दानंच गेलं असेल तर बरं. निदान कारण तरी मिळालं.

पुढं बऱ्याच दिवसांनी भाजीला गेले. नवऱ्याला डबा तर लागतोच. अक्कांनी मला लांबूनच बघितलं, पोत्याखाली हात घातला आणि जुडी पुढं केली. "कूसिगे."

"बसळे ब्याड, अक्का," मी म्हणाले. बसळे नको.

या वेळी एक अक्षर चुकलं नाही. अक्का हसल्या नाहीत.