फोटूतलं गोंदण

केशर माझी धाकटी जाऊ. कायम मूग गिळून बसायची, आन् भांडण माझ्या वाट्याला! हातावर बधिर चट्टा उठला, तवा माझ्याबिगर कुनाला बोलली न्हाई. महारोगाचा बोभाटा झाला तर तिच्या छबूला सून करून घेनार कोन?

मीच तिला ओढत पारनेरच्या दवाखान्यात नेली. शामकांत डॉक्टर म्हनले, "गोळ्या खा, बऱ्या व्हाल. कुणाला कळणार नाही." गुण येतो का बघायला हाताचा फोटू तेवढा काढला. पुढं चट्टा गेला, छबूची सोयरीकबी जमली.

आन् एका बाजाराला केशरसंगं गेले, बघते तर काय, दवाखान्याच्या भाईर फळ्यावर त्योच फोटू, ताटाएवढा! महारोगावरचं डॉक्टरांचं संशोधन म्हनं. हातावरचं गोंदण लख्ख दिसत हुतं, भिमाजी. माझ्या धाकट्या दिराचं नाव! आन् छबूचे हुनारे सासरे फळ्यापुढंच उभे.

केशरला घेऊन तशीच आत घुसले.

"अहो मावशी, चेहरा दाखवला नाही, पेशंटचं नाव दिलं नाही," डॉक्टर म्हनले.

"मंग हातावर काय हाय?"

"ते पुरुषाचं नाव आहे. पेशंट तर बाई आहे."

कपाळ माझं! एवढं शिकून ह्यांचा उजेड ह्यो!

"केशर, सांग की गं कुनाचं नाव हाय ते!"

तिनं पदर फुडं वढला. नवऱ्याचं नाव कसं घेनार? मरायची पाळी आली तरी घेनार न्हाई ही बया!

"आवो, तिच्या मालकाचं हाय! आमच्या वाडीत भिमाजी एकच! फोटू लावताना तिला इचारलं हुतं का?"

डॉक्टरांचं तोंड उतरलं. त्यांनी फळा आत आनला. पर सासऱ्यांनी वाचायचं ते वाचलं हुतं. आठवड्यात निरोप आला, सोयरीक मोडली. छबू दोन दिस जेवली न्हाई, आन् मला त्या फोटूवाल्याचा असा संताप आला की काय सांगू.

म्हैन्यानं डॉक्टर घरी आले. आता बऱ्या झालेल्या हाताचा फोटू पायजे, गोंदण झाकून. म्हनले, "या वेळी विचारायला आलोय, केशरबाई. लोकांची भीती जाईल. काढू का?"

मी तोंड उघडनार, तेवढ्यात केशरच बोलली.

"न्हाई म्हनलं तर चालंल का?"

डॉक्टर गडबडले. "हो... चालेल."

"मंग न्हाई."

आन् त्यांच्यासाठी च्या ठेवायला ती चुलीकडं गेली.