बंड्याची स्लिप

चहा हातात घ्या आणि मग ऐका. फक्त हसताना कप सांभाळा, गालिचा नवीन आहे. माझ्या हातून घोटाळे काही कमी झालेले नाहीत, पण या एका घोटाळ्यामुळे आमच्या बिल्डिंगमधली माणसं मला लिफ्टमध्ये बघून अजून भिंतीकडे तोंड करून हसतात!

आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी हिद्दला एका कंपनीत अकाउंटंट, राहायला जुफैरला, पाचव्या मजल्यावर. आता बहारीनमध्ये पगारावर टॅक्स नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे इथे अकाउंटंटने टॅक्सच्या कितीही बढाया माराव्यात. पकडणार कोण?

तेव्हा सातव्या मजल्यावर केदार आणि मुग्धा नवीन राहायला आले. मूळ पुण्याचे, पण सहा वर्षं कॅनडात काढून आलेले. केदार सित्राला इंजिनीयर. एकदा खाली भेटला तर चेहरा पडलेला.

"काका, तिकडचं शेवटचं टॅक्स रिटर्न भरायचं राहिलंय. उद्या मुदत संपते आणि मला शिफ्ट आहे."

"एवढंच ना? लॅपटॉप आण. खलास!"

कॅनडाचं रिटर्न मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. ते प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची. त्यात काय कळायचंय?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथला सुट्टीचा वार. सकाळीच मी ऐटीत बसलो. पगार भरला, पत्ता भरला. पुढचा प्रश्न आला, कुटुंबात कोण कोण? केदारला फोन लावला. तो प्लांटवर, मागे यंत्रांची घरघर.

"घरात किती जण रे तुम्ही?"

"तिघं! मी, मुग्धा आणि बंड्या!"

"बंड्याचं वय?"

"तीन!"

भरलं. नाव बंड्या, नातं मुलगा, वय तीन. आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. 'या मुलाच्या भत्त्याची स्लिप जोडलेली नाही.'

तिकडे सरकार लहान मुलांच्या आईबापांना भत्ता द्यायचं आणि त्याची स्लिप रिटर्नमध्ये दाखवावी लागायची. मी मागे गेलो, पुढे आलो, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. लाल अक्षरं हलायला तयार नाहीत! शेवटी मुग्धाला फोन केला आणि स्पीकरवर टाकला. शेजारी आमची वैशाली मेथी निवडत होती. ती इथल्या शाळेत केजीच्या वर्गाला शिकवते. लहान मुलांचा विषय निघाला की तिचे कान टवकारतात.

"मुग्धा, बंड्याची स्लिप कुठे आहे?"

"कुठली? इंजेक्शनची?"

"अगं, सरकारकडून त्याचे पैसे मिळायचे ना, त्याची."

"बंड्याचे पैसे?" ती हसायलाच लागली. "काका, उलट त्याला पाळायचा म्हणून आम्हीच दरवर्षी पालिकेला फी भरायचो!"

मी वैशालीकडे पाहिलं. पोराला सांभाळायची फी? काय देश म्हणायचा!

"बरं, तुम्ही इकडे आलात तेव्हा तो बरोबरच होता ना?"

"नाही हो. आम्ही आधी आलो. तो महिन्याने आला, कार्गोतून."

वैशालीच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"एकटा?" मी विचारलं.

"एकटाच. फार रडला म्हणे बिचारा. आता मात्र रुळलाय. एक वेळ खायला देते, शांत पडून असतो."

"एकच वेळ?" वैशाली न राहवून ओरडली. "आणि खेळायला, बाहेर?"

"नेतो की काकू, पण पट्टा बांधूनच. मोकळा सोडला तर गाड्यांच्या मागे धावतो. अय्या, थांबा हं, त्याने पुन्हा सोफा खाल्ला!"

फोन बंद.

"भुकेपोटी!" वैशालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लेकरू सोफा खातंय हो!"

आमची बारा वर्षांची इरा आतल्या खोलीतून म्हणाली, "बाबा, बट बंड्या इज अ..."

"इरा! मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही!"

ती खांदे उडवून पुन्हा मोबाईलमध्ये शिरली. तेव्हा तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर आज तुमच्याकडे बिस्किटाबरोबर ऐकायला काहीच नसतं.

माझं रक्त उसळलं होतं. त्या लाल अक्षरांखाली एक चौकोन होता. 'स्लिप नसल्यास कारण लिहा.' मी लिहिलं. कचेरीत तीस वर्षं पत्रं लिहिलेला हात, मागे हटतो थोडाच? 'या बालकास आजवर एकदाही भत्ता मिळालेला नाही. उलट त्याच्याबद्दल फी घेण्यात आली. त्यास मालवाहू विमानाने एकट्यास पाठवण्यात आले. कृपया चौकशी व्हावी.' हे सगळं कडक इंग्रजीत! आणि बटण दाबलं. रिटर्न गेलं. लाल अक्षरंही गेली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

मग आम्ही वर निघालो. वैशालीच्या हातात केजीचा अर्ज आणि डबाभर बेसनाचे लाडू, माझ्या काखेत इराची जुनी तीनचाकी सायकल.

मुग्धाने दार उघडलं. केदार नुकताच शिफ्टवरून आला होता, पायात मोजे तसेच. वैशालीने चपलाही काढल्या नाहीत.

"मुग्धा, रागावू नकोस, पण आईला हे शोभत नाही! त्याला माझ्या वर्गात पाठव. फीचं मी बघते. आणि तो पट्टा आधी काढ!"

"वर्गात?" मुग्धाने केदारकडे पाहिलं. "काकू, त्याला 'बस' आणि 'हात दे' एवढंच येतं."

"येईल गं सगळं! प्रेमाने शिकवलं की मुलं शिकतात. कुठाय तो? बंड्या! ये बाळा, लाडू देते."

आणि आतून बाळ आलं.

वासराएवढं! पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं, तोंडात सोफ्याचा कापूस. त्याने पुढचे दोन्ही पाय वैशालीच्या खांद्यांवर ठेवले, तिचं तोंड चाटलं, डब्यातले चार लाडू एका घासात संपवले आणि वर केजीचा अर्ज खाल्ला.

मी सायकल काखेत धरून उभा.

"काका," केदार सावकाश म्हणाला, "सायकल कुणासाठी?"

मी सगळं सांगितलं. मुग्धा हसत हसत जमिनीवर बसली. वैशाली माझ्याकडे अशी बघत होती, जणू फोनवर ती नव्हतीच! केदारही हसत होता, पण मी त्या चौकोनात काय लिहिलं ते सांगितलं आणि त्याचं हसू थांबलं.

"पाठवलंत? माझ्या नावाने?"

"मुदत होती ना रे..."

"काका! आता ते मला विचारतील, तीन वर्षांचं पोर कार्गोतून कसं पाठवलं म्हणून!"

पुढचे दोन तास आम्ही चौघं लॅपटॉपभोवती. तिकडे सकाळ झाल्यावर केदारने फोन लावला. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग बाई म्हणाल्या की दुरुस्ती भरा आणि सोबत लेखी खुलासा जोडा.

केदार खुलासा लिहायला बसला. 'बंड्या हा कुत्रा आहे,' इथपर्यंत ठीक झालं. मग थांबला.

"काका, चूक कुणाकडून झाली तेही लिहावं लागेल. तुमचं नाव घालायला बरं वाटत नाही हो. असं करू का? बंड्याच कीबोर्डवर बसला आणि त्याच्याकडून भरलं गेलं, असं लिहितो."

मला हायसं वाटलं. देवमाणूस हो! पण मुग्धाने बंड्याला जवळ ओढलं आणि त्याचे कान झाकले.

"अजिबात नाही! काकांचंच नाव घाल. माझ्या बंड्याची उगाच बदनामी नको."